सोडियम कमी, हाडं ठिसूळ: सासूबाईंचं मीठ वाढवू की कमी करू?

राजेंद्रनगरची_सून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय कारण डोकं पार भंजाळलंय. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या. मागच्या महिन्यात सकाळी तुळशीला पाणी घालायला अंगणात गेल्या आणि चांगल्या सपाट, कोरड्या फरशीवर पडल्या. घसरल्या नाहीत, ठेच नाही. "अगं, भिंत एकदम अंगावर आल्यासारखी वाटली" एवढंच म्हणाल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टरच्या आधी रक्त तपासलं तर सोडियम १२७. मग घरी येऊन जुनी फाईल काढली, त्यात वर्षापूर्वीच्या रिपोर्टात १३१ होतं, शेजारी बारीकशी चांदणी छापलेली, म्हणजे आकडा हद्दीबाहेर. तेव्हा दाखवलं होतं तर "वयात होतं थोडं कमी, लिंबू-सरबत द्या" म्हणाले होते. त्या चांदणीकडे मी तरी नीट बघायला हवं होतं असं आता सारखं मनात येतं.

आता हाडांचे डॉक्टर म्हणतात कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी घ्या. फिजिशियन म्हणतात मीठ थोडं वाढवा, पाणी कमी करा, बीपीची गोळी बदलू. आणि शेजारच्या काकू शपथेवर सांगून राहिल्या आहेत की मिठाने हाडं झिजतात, आईंना अळणी दे. त्यात आईंना बीपी पण आहे. म्हणजे मीठ द्यायचं की नाही? आणि रक्तातलं सोडियम कमी असण्याचा नि हाड मोडण्याचा काही संबंध असतो का, की दोन वेगळी दुखणी एकदम आली? गोळ्या: बीपीसाठी टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन (दोन वर्षं), थायरॉइडची, आणि सासरे गेल्यापासून मनासाठी एस्सिटालोप्राम.

मालवी_भिया
आईंना लवकर आराम पडो. मला यातलं कळत नाही पण आमच्या आजीचं अगदी असंच "भिंत जवळ आली" होतं, नंतर मांडीचं हाड मोडलं. धागा वाचतोय.

सुदामानगरकर
मीठ हाडातलं कॅल्शियम ओढतं हे खरं आहे हो, मी कित्येक ठिकाणी वाचलंय. काकू चूक नाहीत. माझ्या मते अळणीच बरं.

किडनीवाली_डॉक्टर
ताई, आधी एक: तुमच्या फिजिशियनना न विचारता मीठ, पाणी, गोळी, काहीच आपल्या मनाने बदलू नका. आता समजावून सांगते, जरा लांबेल.

काकू म्हणतात ते आणि फिजिशियन म्हणतात ते, दोन्ही खरं आहे, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. काकूंची गोष्ट खाल्लेल्या मिठाची. मूत्रपिंडाच्या नळ्यांमध्ये कॅल्शियम बरंचसं सोडियमच्या मागोमाग जातं. मीठ जास्त खाल्लं की ते लघवीतून टाकावं लागतं आणि त्याच्याबरोबर थोडं कॅल्शियम पण निसटतं. ढोबळ हिशोब, रोजच्या जेवणात ६ ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं तर साधारण ४० मिलीग्रॅम कॅल्शियम लघवीत वाढतं.

फिजिशियनची गोष्ट रक्तातल्या सोडियमची. ते १३५ ते १४५ हवं. ते खाली येतं तेव्हा बहुतेक वेळा मीठ कमी खाल्लेलं नसतं, अंगात पाणी जास्त झालेलं असतं. शरीरातलं एक हार्मोन (व्हॅसोप्रेसिन) मूत्रपिंडाला सांगतं पाणी धरून ठेव. काही औषधांनी, फुप्फुसाच्या किंवा मेंदूच्या आजाराने हे हार्मोन नको तेव्हा स्रवत राहतं किंवा त्याचा जोर वाढतो, पाणी साचतं आणि सोडियम पातळ होतं. वरणात पाणी जास्त पडलं की चव जाते ना, मीठ तेवढंच असतं तरी, तसंच.

आणि आता तुमचा खरा प्रश्न. हो, संबंध आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे. एक, तोल जातो. दोन, हाड आतून झिजतं. आपल्या शरीरातल्या एकूण सोडियमचा साधारण तिसरा हिस्सा हाडांत साठवलेला असतो. हाडात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, एक हाड बांधणाऱ्या आणि एक कुरतडणाऱ्या, या कुरतडणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. आजूबाजूचं सोडियम कमी झालं की या कुरतडणाऱ्या पेशी संख्येनेही वाढतात आणि कामालाही लागतात, हे प्रयोगशाळेत पेशींवर थेट दाखवलेलं आहे. हाड विरघळलं की त्यातलं कॅल्शियमही मोकळं होतं आणि शेवटी लघवीवाटे जातं. गंमत म्हणजे रक्तातलं कॅल्शियम मात्र नॉर्मलच दिसतं, कारण रक्ताचा हिशोब सांभाळायला हाडच पैसे भरत असतं. म्हणून "कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल आहे, हाडं ठीक आहेत" हे समाधान मानू नका.

शंकेखोर
डॉक्टर, मान राखून विचारतो. म्हाताऱ्या, आजारी माणसांचं सोडियम कमी असतं आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांचीच हाडं मोडतात. त्यावरून एकामुळे दुसरं होतं असं कसं म्हणायचं? पांढरे केस आणि चष्मा पण बरोबरच येतात.

किडनीवाली_डॉक्टर
@शंकेखोर, हा प्रश्न संशोधन करणाऱ्यांनीही स्वतःला विचारलाय. म्हणून उंदरांवर प्रयोग झाला. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये छापला. उंदीर सगळे सारखे, फक्त एका गटाचं सोडियम ११० च्या आसपास तीन महिने खाली ठेवलं. त्यांच्या हाडांची घनता सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरली. तिथे म्हातारपण नव्हतं, दुसरा आजार नव्हता. त्याच लेखात अमेरिकेच्या मोठ्या आरोग्य-पाहणीतली माणसंही तपासली, ज्यांचं सोडियम कमी त्यांच्यात खुब्याच्या हाडाचा ऑस्टिओपोरोसिस (हाड ठिसूळ होणं) असण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली, आणि त्यांचं सोडियम काही फार खाली नव्हतं, सरासरी १३३ च्या घरात.

शंकेखोर
उंदरांचं ११० म्हणजे माणूस आयसीयूत असेल. आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत (२०११, पाच हजारांवर लोक, सगळे ५५ च्या वरचे) सोडियम कमी असलेल्यांची हाडांची घनता कमी नव्हती हे पण सांगा ना.

किडनीवाली_डॉक्टर
सांगते, वाचलंत म्हणून बरं वाटलं. खरंय, रॉटरडॅममध्ये डेक्सावर (हाडांची घनता मोजायची तपासणी) घनतेत फरक दिसला नाही. पण त्याच पाहणीत सोडियम कमी असलेले लोक जास्त पडत होते (२४ टक्के विरुद्ध १६ टक्के) आणि मणक्याची व इतर हाडं जास्त मोडत होती. घनता सारखी धरूनही मोडण्याचा धोका जास्तच राहिला. डेक्सा हाडात खनिज किती ते मोजतं, हाडाची वीण कशी आहे ते त्यात पुरतं दिसत नाही. त्यामुळे त्या पाहणीवरून मी इतकंच म्हणेन की डेक्सा चांगला आला म्हणून सोडियम सोडून देऊ नये.

निवृत्त_बँकवाला
तोल जाण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव लिहितो, कदाचित कुणाला उपयोग होईल. मला चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, त्यासाठी ऑक्सकार्बाझेपिन सुरू होतं. दुखणं थांबलं, मी खूष. पण तीनेक महिन्यांत असं व्हायला लागलं की राजवाड्याच्या गर्दीत चालताना पाय जमिनीवर कुठे पडेल याचा अंदाज चुकायचा, जिना उतरताना शेवटच्या पायरीनंतर आणखी एक पायरी आहे असं वाटायचं. चक्कर म्हणाल तर चक्कर नाही. ३४ वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, आणि एका चेकवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी लिहिली. मुलगा म्हणाला बाबा तुम्ही पूर्वीसारखे नाही राहिलात, घरात सगळ्यांना वाटलं विसरण्याचा आजार सुरू झाला. मेंदूचा एमआरआय झाला, नॉर्मल. शेवटी एका तरुण डॉक्टरने शंभर-दोनशे रुपयांची इलेक्ट्रोलाइटची (रक्तातल्या क्षारांची) तपासणी लिहून दिली आणि सोडियम निघालं १२४. गोळी बदलली, पाणी मोजून प्यायला सांगितलं, दोन आठवड्यांत मी पुन्हा मी झालो. पण तेवढ्या काळात मी घरात दोनदा पडलो होतो आणि एकदा बरगडी तडकली होती, ती अजून थंडीत दुखते.

किडनीवाली_डॉक्टर
काका, तुम्ही जे लिहिलंत ते बेल्जियममध्ये मोजून दाखवलेलं आहे. २००६ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी असे १२२ रुग्ण तपासले ज्यांचं सोडियम हळूहळू खाली गेलेलं होतं आणि वरवर "काही त्रास नाही" म्हणून सोडलेलं होतं. त्यांच्यातले २१ टक्के पडून दवाखान्यात आले होते, बाकी तसल्याच वयाच्या लोकांत हेच प्रमाण ५ टक्के. अशाच काही रुग्णांना सरळ रेषेत चालवून पाहिलं तर चाल दारू प्यायलेल्या माणसापेक्षाही डगमगती निघाली, आणि सोडियम सुधारल्यावर चाल सुधारली. ताई, तुमच्या आईंचं "भिंत अंगावर आली" हे लक्षणच आहे. डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

परदेशातली_इंदूरी
हे वाचून पोटात गोळा आला. माझे आईबाबा लोकमान्य नगरात दोघंच असतात, आई फोनवर म्हणत होती हल्ली भिंतीला धरून चालते, मी म्हटलं वय झालं. ती रोज चार-साडेचार लिटर पाणी पिते, कुणीतरी सकाळी उठून चार तांबे प्यायला सांगितलेत, विष बाहेर पडतं म्हणून. तिला पण बीपीची गोळी आहे, नावात एच लावलेली.

लॅबवाले_काका
@परदेशातली_इंदूरी, नावापुढे एच म्हणजे बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड. तेही क्लोरथॅलिडोनच्याच घरातलं. उद्याच सोडियम-पोटॅशियम करायला सांग.

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजीत काढली, रक्त घेण्याबद्दल तीन गोष्टी सांगतो. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं तर रिपोर्ट भलताच येतो, डेक्स्ट्रोजची बाटली असेल तर सोडियम खोटं कमी दिसतं. असं घेताना दिसलं तर नर्सला सांगा दुसऱ्या हातातून घ्या, भीड धरू नका. दुसरं, साखर फार वाढलेली असेल तरी सोडियम कमी दिसतं, दर १०० साखरेमागे साधारण दीड-पावणेदोनने. मधुमेह असेल तर साखर त्याच नमुन्यातून बघावी. तिसरं, ट्रायग्लिसराइड अफाट वाढलेले असतील तर काही मशीनवर आकडा खोटा खाली येतो. सूनबाईंच्या सासूबाईंचे तर वर्षाच्या अंतराने दोन रिपोर्ट आहेत, १३१ आणि १२७, त्यामुळे मला तरी हे खरं वाटतं.

मालवी_भिया
एच वाली गोळी हाडांना चांगली असते असं आमच्या डॉक्टरने सांगितलं होतं काकांना, आता हे उलटं कसं?

किडनीवाली_डॉक्टर
भिया, फार चांगला प्रश्न. या गोळ्या लघवीतलं कॅल्शियम अडवतात, म्हणून मुतखडा वारंवार होणाऱ्यांना पण देतात, आणि क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांत खुब्याची हाडं कमी मोडली असं मोठ्या चाचणीत दिसलंय. म्हणजे हाडासाठी गोळी चांगली. पण ज्यांचं सोडियम या गोळीने खाली जातं (वयस्कर, बारीक अंगाच्या बायका सगळ्यात आधी), त्यांच्यासाठी तोच फायदा उलटा पडतो. कॅल्शियम वाचलं पण माणूस पडला. याउलट फ्युरोसेमाइडसारख्या जोरात लघवी करवणाऱ्या गोळ्या कॅल्शियम बाहेर घालवतात. कुणाला कुठली, हे सोडियमचा आकडा बघूनच ठरतं.

ताईंच्या आईंना तर दोन कारणं एकावर एक बसलीत, क्लोरथॅलिडोन आणि एस्सिटालोप्राम. एस्सिटालोप्राम आणि त्या घरातल्या सगळ्या गोळ्या ते पाणी धरणारं हार्मोन वाढवतात. एकट्या गोळीने कदाचित १३३ वर थांबलं असतं. पण ही गोळी एकदम बंद करू नका हं, हळूहळूच उतरवतात. आणि थायरॉइडची पातळी पण बघून घ्यायला सांगा, ते फार कमी असेल तरी सोडियम उतरतं.

सुदामानगरकर
मग सरळ सलाईनने सोडियम भरून टाकावं ना एका दिवसात, गोळ्यांचा घोळच नको.

किडनीवाली_डॉक्टर
नको! हे ठळक लिहिते. हळूहळू खाली गेलेलं सोडियम २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढवायचं नसतं. मेंदूने कमी सोडियमशी जुळवून घेतलेलं असतं, झटकन वाढवलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण जातं, माणसाला बोलता-गिळता येईनासं होतं. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासून करतात. फिट आली, बेशुद्ध झाला तर गोष्ट वेगळी, तिथे थोडं लगेच वाढवावं लागतं, पण ते दवाखान्यात. घरी कुणी ओआरएसची पाकिटं आणि मिठाचे ग्लास पाजू नका.

बडोदेकर
आमच्याकडे बडोद्यात सासऱ्यांचं उलट झालं होतं, म्हणून लिहिते. जुलाब होऊन सोडियम १२६. कुणीतरी सांगितलं सोडियम कमी म्हणजे पाणी बंद करा. आम्ही केलं. दोन दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) वाढलं, भरती करावं लागलं. तिथे सांगितलं की यांच्या अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही गेलंय, यांना तर सलाईन लागेल. आकडा तोच, उपाय अगदी उलटा.

किडनीवाली_डॉक्टर
@बडोदेकर धन्यवाद, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. उलट्या-जुलाब झालेल्यांना पाणी तोडायचं नसतं. आणि हृदय किंवा लिव्हरमुळे सूज असेल, पाय सुजलेले असतील तर सोडियम कमी असूनही मीठ वाढवायचं नसतं. म्हणून रक्ताबरोबर लघवीतलं सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट आहे ते) तपासतात, त्यावरून कळतं कुठल्या पेटीत टाकायचं.

मालवी_भिया
म्हणजे सेवेचं काय ठरलं? आमच्याकडे पोहे सेवेशिवाय, डाळ सेवेशिवाय, अगदी कांद्याची भाजी सेवेशिवाय होत नाही, वर जीरावन मसाला. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गेलं तर बोलायलाच नको.

अबोली_जेलरोड
भिया सेव काढली तर इंदूरचे पोहे पुण्याचे होतील 😀

किडनीवाली_डॉक्टर
सेव राहू दे, मूठ बघून घ्या. निरोगी माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सेव-पापड-लोणचं सगळं आलं. इंदुरी घरात हे सकाळच्या नाश्त्यालाच अर्धं संपतं. आईंना डॉक्टरांनी मीठ वाढवायला सांगितलंय ते औषध म्हणून, मोजून आणि काही दिवसांसाठी. ते जेवणात घातलेलं आणि सेवेतलं मीठ एक नव्हे.

अबोली_जेलरोड
मीठ सोडून कॅल्शियमकडे वळूया का, कारण आमच्या घरी तेच चुकलं होतं. माझ्या आईला व्हिटॅमिन डीचं ६०,००० चं सॅशे आठवड्याला एक दिलं होतं, तिने रोज एक घेतलं, २० दिवस. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, कॅल्शियम १२ च्या वर. तेव्हापासून मी सॅशेच्या पाकिटावर मार्करने "रविवार" लिहून ठेवते. आणि खाण्यातलं म्हणाल तर आमच्या मालव्यात नाचणीची सवय नाही, पण आता किराण्यात रागीचं पीठ मिळतं, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम. मी आंबिल करते, आई कुरकुरत पिते. तिळाची चटणी मात्र मागून घेते. साठीपुढच्या बायकांना दिवसाला १२०० लागतं, दोन पेले दुधात जेमतेम ५०० येतं.

परदेशातली_इंदूरी
अपडेट देते. आईचं सोडियम १२९ निघालं. मी इथे रात्रभर जागी. डॉक्टरांनी एच वाली गोळी काढली, बीपीची दुसरी, अम्लोडिपिन, दिली, पाणी सव्वा लिटरवर आणलं. बाबांनी एक बाटली ठरवली आहे, सकाळी भरतात, संध्याकाळपर्यंत तेवढीच, चहा त्यातच मोजायचा. आई म्हणते तुझ्या बाबांनी ४५ वर्षांत कधी मला पाणी दिलं नाही आणि आता मोजून देतायत. या धाग्याला माझा नमस्कार.

निवृत्त_बँकवाला
त्यांना सांगा तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून टाकायची, किंवा लवंग धरायची. मला त्याचा फार आधार झाला. आणि न्हाणीघरात दांडी बसवून घ्या, दारातली पायपुसणी उचला. ती पायपुसणी घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे.

राजेंद्रनगरची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवडे झाले म्हणून लिहिते. मी हा धागा फोनवर उघडून फिजिशियनसमोर ठेवला, त्यांनी शांतपणे वाचला. लघवीतलं सोडियम बघितलं, थायरॉइड ठीक होतं. क्लोरथॅलिडोन त्याच दिवशी बंद. एस्सिटालोप्राम मनाच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरवलं आणि मिर्टाझापिन सुरू केलं, त्याने झोपही लागते आता. मीठ जास्तीचं फक्त पहिले दहा दिवस दिलं, पाणी सव्वा लिटर. सोडियम १२७, मग १३०, १३३, आणि परवा १३६.

डेक्सा केलं. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच. हाडांच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन सुचवलंय, पण व्हिटॅमिन डी १४ निघालं म्हणून आधी ते भरून काढू म्हणाले. आणि मीठ? आता साधं, घरातलं, नेहमीचं. ना अळणी ना जास्तीचं. शेजारच्या काकूंनाही सगळं समजावून सांगितलं, त्यांनी स्वतःचं पण सोडियम करून घेतलं, १३९ आहे.

आई अंगणात जातात. भिंत आता जागेवर असते म्हणतात.

किडनीवाली_डॉक्टर
किती छान बातमी! डी भरल्यावरच इंजेक्शन हे अगदी बरोबर, नाहीतर कॅल्शियम एकदम उतरतं. क्रिएटिनिन पण बघून घ्यायला सांगा त्याआधी. नवीन कुठलीही गोळी सुरू झाली, अगदी अॅसिडिटीची सुद्धा महिनोन्महिने चालली, तर एक-दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा.

लॅबवाले_काका
१३६ वाचून बरं वाटलं सूनबाई. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये कर, मशीन बदललं की एक-दोनचा फरक उगाच घाबरवतो. आणि तो चांदणीवाला १३१ चा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लाव, पुढचा कुठलाही डॉक्टर आधी तोच बघेल.